रेडीजांच्या अंगणातली वहिवाट

कातळकोंडात पत्ता विचारायची रीत आता उरली नव्हती. पाहुण्याने गाडीत बसून नुसतं घरमालकाचं नाव घ्यायचं. चालकाविना धावणारी गाडी त्याला जिथे उतरायला हवं तिथेच उतरवायची. मग फोन सांगायचा, डावीकडची पाखाडी धरा, अठ्ठावीस पायऱ्या चढा, विहिरीला वळसा घाला, आलं दार. पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. खाली खाडी, वर उघड्या कातळाचा सडा आणि मधल्या उतारावर एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी घरं, अशा या वाडीत पाखाडीशिवाय दुसरा मार्गच नव्हता. तरीही तीन वर्षांत इथे वाट चुकलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. याचं श्रेय सगळा जिल्हा ज्या बाईला द्यायचा, ती स्वरूपा भाटकर मात्र रोज सकाळी मुलीच्या डब्यातल्या भाजीचा तीनदा वास घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

तिची आभा चार वर्षांची होती आणि तिला काजूचं वावडं होतं. साधंसुधं नव्हे. काजूचा कण पोटात गेला की दोन मिनिटांत ओठ सुजायचे आणि पाचव्या मिनिटाला घसा आतून आवळायला लागायचा. मांडीत टोचायची सुई एक स्वरूपाच्या पर्समध्ये, एक स्वयंपाकघरात आणि एक बालवाडीच्या बाईंच्या टेबलात असायची. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "सुई म्हणजे इलाज नव्हे. सुईने दहा मिनिटं मिळतात, फार तर बारा. तेवढ्यात प्राणवायू आणि पुढचं औषध दारात पोचलं पाहिजे." नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ती, आभा आणि सासरे प्रभाकर भाटकर. त्यामुळे स्वरूपा जगातली प्रत्येक गोष्ट मिनिटांत मोजायची.

योगायोग असा की मिनिटं मोजणं हीच तिची नोकरी होती. भूगोलात बी.एस्सी. करून ती जिल्हा नकाशा कक्षात 'थांबे आणि प्रवेश' हा विभाग सांभाळायची. "म्हणजे करतेस तरी काय गो?" असं शेजारणींनी विचारलं की ती सोपं करून सांगायची. जुन्या नकाशात प्रत्येक घराला एकच टिंब असायचं, छपराच्या मधोमध. पण गाडी काही छपरावर उतरत नाही. गाडी उभी राहते ती जागा म्हणजे थांबा. माणूस घरात शिरतो ती जागा म्हणजे प्रवेश. आणि या दोहोंमधलं अंतर तोडायला लागतो तो पायवेळ. सपाट शहरात पायवेळ अर्ध्या मिनिटाचा. कातळकोंडात मात्र टिंबावरून घर वरच्या रस्त्याला चिकटलेलं दिसायचं आणि दारात जायचं तर खाडीकडच्या रस्त्यावरून शंभर पायऱ्या चढाव्या लागायच्या. पूर्वी रुग्णवाहिका भलत्याच रस्त्यावर भोंगा वाजवत ताटकळायच्या त्या यामुळेच.

आता रुग्णवाहिकाही पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. गाडी थांब्यावर लागली की तिच्या पोटातून डोली उतरायची. आजोबा-पणजोबांच्या काळी बांबूला चादर बांधून चार गडी आजाऱ्याला उचलून न्यायचे, त्याचंच नाव या यंत्राला मिळालं होतं. सहा पायांचा पलंग, उशाशी प्राणवायूचं नळकांडं, कडेला औषधांचे कप्पे, आणि पायऱ्या चढताना पेल्यातलं पाणी हिंदकळू नये असा तोल. डोलीबरोबर माणूस लागत नसे. खरं दार कोणतं एवढं तिला माहीत असलं की झालं.

आणि खरं दार शोधणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं होतं.

तीन वर्षांपूर्वी स्वरूपाने घरोघरी फिरून विचारलं होतं, तुमचं प्रवेशद्वार कोणतं? अख्ख्या वाडीने एकमुखाने पुढचं दार दाखवलं. पाहुण्याला मागीलदाराने कोण आणतं? सगळं नकाशात भरलं गेलं आणि पहिल्याच आठवड्यात एका घरासमोर डोली सहा मिनिटं उभी राहिली, कारण त्या घरच्यांनी पुढच्या दाराला आतून फ्रिज टेकवून ठेवला होता. वर्षानुवर्षं घरातली माणसं मागूनच ये-जा करत होती.

ही हकीकत ऐकून कक्षाचे शास्त्रज्ञ डॉ. हमीद नाखवा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. ते इथलेच, खाडीपलीकडच्या गावचे.

"लोकांना विचारलंस ना? तिथेच चुकलं," ते म्हणाले. "माणूस तोंडाने सांगतो ते त्याच्या अभिमानाचं दार असतं. खरं दार पायांना माहीत."

"पण पायांना विचारायचं कसं, सर?"

"मला सांग, माणूस दारात आला की पहिल्यांदा काय करतो?"

"कडी वाजवतो."

"त्याच्याही आधी."

स्वरूपाने मनातल्या मनात एका दारापुढे उभं राहून पाहिलं. "चपला काढतो."

"शाब्बास! आणि अनवाणी पाऊल चपलेतल्या पावलापेक्षा वेगळं पडतं. ठोका हलका होतो, अंतर कमी होतं. प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला हा फरक जाणवतो. हवेच्या दाबावरून किती पायऱ्या चढला ते कळतं, चार भिंतींत शिरल्यावर आकाशातले संकेत मंदावतात तेही कळतं. कुणाचे पाय, ते आपल्याला नकोच. नावगाव पुसून फक्त पावलं घ्यायची. जिथे चपला निघतात ते दार. जिथून पावलं रोज जातात ती वाट."

या तत्त्वाला त्यांनी वहिवाट म्हटलं. कोकणात या शब्दापायी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. जी वाट वापरात ती वाट हक्काची. आता तोच कायदा यंत्र पाळणार होतं. तीस दिवसांत सात निरनिराळ्या माणसांच्या चाळीस फेऱ्या झाल्या तर वाट खरी. तीन निरनिराळ्या माणसांच्या चपला निघाल्या तर दार खरं. नव्वद दिवस कुणीच आलं नाही तर दार बंद समजायचं, कारण निम्म्या घरांचे मालक मुंबईला आणि कुलपापुढे डोली उभी करून काय उपयोग? अशा बंद दाराहून हाक आली तर डोलीने काय करावं, हे स्वरूपाने सुचवलं होतं: त्याच वाटेवरच्या जवळच्या चालत्या दारात जाऊन विचारावं. आपल्याकडे परका माणूस दुसरं काय करतो? डॉ. नाखवांनी ती सूचना आहे तशी उचलली होती.

आणखी एक नियम तिचाच. हाताने बदल करायचा नाही. सुरुवातीलाच एका पुढाऱ्याने आपल्या बंगल्याच्या फाटकापुढे थांबा सरकवून मागितला होता, शेजारच्या तेरा घरांचा पायवेळ वाढवून. स्वरूपाने त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "दादा, आमदार आले तरी त्यांना पायीच सिद्ध करावं लागेल." हे वाक्य जिल्हाभर गाजलं. डोली पोचायला लागणारा सरासरी वेळ एकोणीस मिनिटांवरून सातवर आला तेव्हा कक्षाच्या भिंतीवर तो सातचा आकडा मोठ्ठा रंगवला गेला, आणि स्वरूपा रोज आत शिरताना त्याच्याकडे एकदा बघायची.

फक्त तिचं स्वतःचं घर त्या सातात बसत नव्हतं. खालच्या थांब्यापासून एकशे चौदा पायऱ्या. गाडीचा वेळ सोडून नुसता पायवेळ नऊ मिनिटं चाळीस सेकंद. दहा मिनिटांच्या सुईला नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

वरच्या रस्त्यावरून मात्र सव्वीस पायऱ्याच उतरायच्या होत्या. तीन मिनिटं. आणि त्या सव्वीस पायऱ्या दिगंबर रेडीजांच्या अंगणातून जात होत्या.

रेडीज आणि भाटकर यांची त्या अंगणातल्या वाटेवरून सतरा वर्षं केस चालली होती. तारखेला दोघं एकाच एस.टी.ने तालुक्याला जायचे, शेजारशेजारच्या सीटवर बसून, एक शब्द न बोलता. शेवटी रेडीज जिंकले. भाटकरांना वहिवाट नाही, असा निकाल झाला आणि त्याची प्रत रेडीजांनी काचेच्या चौकटीत घालून पडवीत लावली. तेव्हापासून त्या अंगणात परकं पाऊल पडलं नव्हतं. रेडीज बंदर खात्यातून निवृत्त, बायको गेलेली, मुलगा परदेशात. किराणासुद्धा वरच्या फाटकाच्या पेटीत ठेवून गाडी निघून जायची.

एका रविवारी स्वरूपा आभाला कडेवर घेऊन त्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"काय गो सूनबाय, वाट चुकलीस?" रेडीज ओटीवरून ओरडले.

"या वाडीत आता कुणी चुकत नाही, काका."

"ते खरं. तूच केलंस म्हणे. सासऱ्याने पाठवलंय?"

"त्यांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत."

हे उत्तर रेडीजांना आवडलं असावं. ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. स्वरूपाने सगळं सांगितलं, सुई, दहा मिनिटं, एकशे चौदा पायऱ्या, वहिवाटीचा नियम. ते आभाकडे बघत राहिले.

"काजूच्या मुलखात जन्मून काजूचंच वावडं? भाटकरांचं कायम उलटं." मग आवाज उतरवून म्हणाले, "किती माणसं चालायला लागतात म्हणालीस?"

"सात. चाळीस फेऱ्या."

"सतरा वर्षं मी एकाला अडवलं, आणि तू सात घेऊन येतेस." त्यांनी फाटकाची कडी काढली. "जा अंगणातून. पण एक सांगतो. माझ्या ओटीच्या पायरीला कुणाचा पाय लागता कामा नये. भाटकरांचा नको, कुणाचाच नको. उगाच दया दाखवायला कुणी आत आलं तर फाटक पुन्हा लावीन."

घरी सासऱ्यांना सांगताना तिने आधी आभाला त्यांच्या मांडीवर बसवलं.

"त्याच्या अंगणातून? मी मेलो तरी नाही!"

"तुम्ही मेलात तर डोली खालून येईल, बाबा. नऊ मिनिटांनी तुमचं काही बिघडणार नाही. प्रश्न हिचा आहे."

प्रभाकर भाटकर बराच वेळ नातीच्या केसांतून हात फिरवत राहिले. "बरं. पण त्या माणसाची पायरी या घरातलं कुणी चढायचं नाही. कबूल?"

दोघांचं सतरा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, असं स्वरूपाच्या मनात आलं. ती "कबूल" म्हणाली.

वाडीतल्या बायकांना तर हवंच होतं. वरच्या बाजाराला जायचं तर आता वळसा नको. सकाळ-संध्याकाळ पिशव्या घेऊन, बडबडत, त्या रेडीजांच्या अंगणातून जाऊ लागल्या, पडवीतल्या चौकटीकडे मान वळवून बघत आणि पायरीला कटाक्षाने लांब ठेवत. एकतिसाव्या दिवशी कक्षातल्या पडद्यावर सव्वीस पायऱ्यांची हिरवी रेघ उमटली. वहिवाट मान्य. स्वरूपाने टेबलाखाली दोन्ही मुठी आवळल्या आणि कुणाला दिसू नये म्हणून पाण्याची बाटली उघडली.

शिमग्याच्या आदल्या दुपारी ती रेघ कामी आली. शेजारून ओल्या काजूची उसळ आली होती. ती उंच फळीवर ठेवून स्वरूपा वाळलेले कपडे काढायला मागे गेली तेवढ्यात प्रभाकरांनी आपल्याला वाढून घेतली आणि त्याच पळीने नातीला आमटी वाढली. स्वरूपा परत आली तर आभा ओठ चोळत होती. पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं, डोक्याने नव्हे: सुई, मांडी, हाक, पाठीशी उशी. तिने वर बघितलं तेव्हा रेडीजांच्या अंगणातून डोली उतरत होती, सहा पायांनी, न अडखळता. थांब्यापासून तीन मिनिटं दहा सेकंद. डोलीने आभाच्या तोंडाला मुखवटा लावला तेव्हा तिचा घसा शिट्टीसारखा वाजत होता. वरच्या रस्त्यावर पोचेस्तोवर शिट्टी थांबली आणि ती रडायला लागली. इतकं गोड रडणं स्वरूपाने कधी ऐकलं नव्हतं.

"तीन मिनिटं दहा सेकंद," प्रभाकर पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगायचे. "माझ्या सुनेने काढलेली वाट." पळीचा उल्लेख ते टाळायचे आणि स्वरूपाही टाळू द्यायची. तिला स्वतःला तर चालताना जमीन जरा खाली गेल्यासारखं वाटायचं. जी बाई डब्याचा तीनदा वास घ्यायची ती आता दोनदाच घेऊ लागली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी बंद दारांची तिमाही यादी आली. गणपती होऊन गेले होते, मुंबईकर परतले होते, यादी नेहमीसारखीच लांब. स्वरूपा ती वरवर चाळत होती आणि आजवर नजरेतून सुटलेल्या एका ओळीवर थबकली. रेडीज, दिगंबर. दार नाही.

आधी तिला हसूच आलं. मग कारण समजलं. रेडीज फोन खिशात ठेवत नसत. तो भिंतीला टांगलेला असायचा. त्यांची स्वतःची पावलं यंत्राला कधी दिसलीच नव्हती. आणि दुसरं कुणी पायरी चढत नव्हतं.

संध्याकाळी अंगणातून जाताना ती थांबली. "काका, फोन खिशात ठेवून दोन-चारदा आतबाहेर करा ना. आणि दोन बायकांना जरा आत येऊ द्या. नुसतं पाऊल टाकून जातील. नकाशात तुमचं दार दिसत नाहीये."

"चौऱ्याहत्तर वर्षं राहतोय इथे," रेडीज म्हणाले. "माझ्या घराला दार आहे हे मी यंत्राला पटवून द्यायचं? आणि त्यासाठी भाड्याची माणसं आणायची? फाटक लावू का, सांग."

स्वरूपाने मनातल्या मनात हिशेब केला. फाटक लागलं की फेऱ्या थांबून हिरवी रेघ पुसली जाणार होती आणि आभा परत नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर जाणार होती.

एक मार्ग उरला होता. परवलीचा शब्द तिच्याकडे होता. हाताने एक टिंब टेकवलं की काम झालं. ती दोन दिवस पडद्यापुढे बोट धरून बसली. पण प्रत्येक बदल नोंदवहीत उमटायचा. ज्या पाखाडीने आपल्या मुलीचा जीव वाचला तिथेच पहिला हातचा बदल, तोही नियम करणाऱ्या बाईचा? तो पुढारी दुसऱ्या दिवशी हजर झाला असता, आणि त्या तेरा घरांचा पायवेळ वाढला असता. दिवाळीनंतर काकांशी परत बोलू, असं तिने ठरवलं. म्हातारा तसा काटक होता.

दिवाळीला चार दिवस असताना, सकाळी नऊच्या सुमाराला, ती ओट्यावर आभाची वेणी घालत होती. पाखाडीवरून ओळखीचा टकटक आवाज आला. डोली अंगणात उतरली, दारापुढे येऊन उभी राहिली आणि तिच्या उशाशी दिवा लागला.

स्वरूपाने आभाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ओठ बघितले, गळा बघितला. काही नव्हतं.

"बाबा, तुम्ही बोलावलंत?"

"मी कशाला बोलावू?"

"रुग्ण, रेडीज दिगंबर," डोली तिच्या ठरलेल्या मऊ आवाजात म्हणाली. "दार आढळले नाही. आपल्याला माहिती आहे का?"

हे वाक्य स्वरूपाने स्वतः लिहिलं होतं. "माहिती आहे का?" या शब्दांवर तिने एक अख्खी दुपार घालवली होती, उर्मट वाटू नये म्हणून.

तिच्या आधी प्रभाकर उठले. "दार नाही म्हणजे काय? हे काय वर!" ते अनवाणीच पाखाडी चढू लागले, सत्तर वर्षांचा माणूस, दोन-दोन पायऱ्या. स्वरूपा आभाला उचलून मागे, आणि तिच्या मागे डोली, परत वर, आत्ताच जिथून आली त्याच अंगणात. प्रभाकरांनी पायरीकडे बघितलंसुद्धा नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. रेडीज भिंतीवरच्या फोनखाली पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते. डोली आपल्या दारापुढून खाली जाताना त्यांनी ऐकली होती का, हे स्वरूपाने त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

रेडीज वाचले. उजवा हात आणि पाय मात्र गेल्यात जमा झाले. पाचेक मिनिटं आधी औषध मिळतं तर हात राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले.

डॉ. नाखवांनी त्या दिवशीच्या पावलांचा आलेख पडद्यावर लावला.

"यंत्र बिघडलं का, सर?"

"तेच तर. बिघडलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी चष्मा पुसला. "त्या अंगणातून महिन्याला सहाशे माणसं जातात, स्वरूपा. एकही थांबत नाही. जिथून सगळे जातात आणि थांबत कुणीच नाही, त्याला तू काय म्हणशील?"

"रस्ता."

"डोलीही तेच समजली."

"पण तिथे माणूस राहत होता!"

"ते तोंडाला माहीत होतं. पायांना नव्हतं. आणि तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, असं मीच शिकवलं होतं ना तुम्हाला."

जिल्ह्यात अशी आणखी किती घरं आहेत, हे शोधायला यंत्राला चार सेकंद लागले. दिवे लागतात, पाणी वापरलं जातं, पण नव्वद दिवसांत दारात कुणाच्याही चपला निघालेल्या नाहीत. एक हजार चारशे बारा.

स्वरूपा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. दोषाची टोचणी तिने कामात घातली. महिन्याभरात तिने पाऊलफेरी उभी केली. प्रत्येक वाडीत स्वयंसेवक नेमले, प्रत्येकाला दारं वाटून दिली. जायचं, चपला काढायच्या, एक पाऊल आत टाकायचं, मनगटावरच्या पट्टीने नोंद झाल्याचा टिंग आवाज दिला की पुढच्या दाराला. तीन माणसं, नव्वद दिवसांतून एकदा. घरच्यांची संमती एकदाच घ्यायची. आता रेडीजांनीही मुकाट्याने डाव्या हाताचा अंगठा दिला होता. हाताने एकही बदल न करता, एकही नियम न मोडता, पुढच्या शिमग्यापर्यंत बंद दारांचा आकडा शून्य झाला. राजधानीतून माणसं बघायला आली. कक्षाच्या भिंतीवर सातच्या शेजारी शून्य रंगवलं गेलं. सत्काराच्या दिवशी प्रभाकर पहिल्या रांगेत बसले होते आणि टाळ्या थांबल्या तरी वाजवत होते.

वाडीतली चौदा दारं स्वरूपाने स्वतःकडे घेतली होती. रविवारी सकाळी ती आभाच्या मनगटावर पट्टी बांधून तिला बरोबर न्यायची. पाच वर्षांच्या पोरीला सगळं तोंडपाठ झालं होतं. कुठल्या घरी कुत्रा आहे, कुठल्या दाराचा उंबरा उंच आहे, पट्टी कधी वाजते. तिचं बघून शेजारणी म्हणायच्या, आईवर गेलीय हो. ते ऐकून स्वरूपाचा ऊर भरून यायचा.

त्या रविवारी त्यांना उशीर झाला होता. अकरा दारं उरली होती. रेडीजांच्या अंगणात शिरताच आभा आईचा हात सोडून पुढे पळाली. पायरी चढली, चपला काढल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत टेकवला आणि श्वास धरून उभी राहिली. टिंग. तिने पाय बाहेर घेतला, चपला अडकवल्या आणि उड्या मारत खाली उतरली.

"झालं आई! पुढचं दार!"

"शाब्बास," स्वरूपा म्हणाली. तिच्या फोनवर तिसरी नोंद पडून रेडीजांचं टिंब आणखी नव्वद दिवसांसाठी हिरवं झालं होतं.

आत खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. एका हाताने सरकवलेली, दोनदा अडकलेली. मग काठी. मग रेडीजांचा जड झालेला, घाईचा आवाज, "कोण आलंय? थांबा हां, आलोच."

आभा पाखाडीपर्यंत पोचली होती.

"कुणी नाही, काका," स्वरूपा चालता चालता म्हणाली. "नोंद होती."